एटा जेम्स आणि 'ब्लूज टू द बोन': ६६व्या वर्षी गायलेला ब्लूज

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

सोल संगीताच्या गप्पांत अमेरिकन गायिका एटा जेम्सचं नाव निघालं की गाडी 'अ‍ॅट लास्ट'पाशी येऊन थांबते. गाणं अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला बोलायचंय ते तिच्या २००४ सालच्या अल्बमबद्दल. 'ब्लूज टू द बोन', आरसीए व्हिक्टरने काढलेला. तेव्हा ती ६६ वर्षांची होती आणि गळ्यावर पन्नास वर्षांचं गाणं जमा झालं होतं. या अल्बममध्ये व्हायोलिनचा ताफा नाही, प्रेमात पडल्याचा आनंद नाही. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, एल्मोर जेम्स, जॉन ली हूकर, जिमी रीड, सनी बॉय विल्यमसन या मंडळींनी गाजवलेली ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतातली, जुनी गाणी एकामागून एक गायलेली आहेत.

आता 'जुन्या गाण्यांचा अल्बम' म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण नाक मुरडतात. कलाकार थकला की कंपनी असले अल्बम काढते, असा आपला अनुभव. इथे मात्र मागची गोष्ट माहीत असली तर ऐकणंच बदलतं.

एटा १९६० साली चेस रेकॉर्ड्समध्ये आली. शिकागोची कंपनी, पोलंडहून आलेल्या लेनर्ड आणि फिल चेस या ज्यू भावांची. मडी, वुल्फ, सनी बॉय आणि गाणी लिहून देणारा विली डिक्सन, हे सगळे त्याच घरचे. म्हणजे विशीतली ही मुलगी ब्लूजच्या माजघरातच राहायला आली. पण तिला बसवलं आर्गो या त्यांच्या दुसऱ्या लेबलवर आणि हातात दिली मोठ्या वाद्यवृंदाची प्रेमगीतं. रायली हॅम्प्टनचं संयोजन, मागे व्हायोलिनं. धंद्याचा हिशोब सरळ होता. ब्लूज काळ्या वस्त्यांतल्या रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर चालायचा. गोऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं तर व्हायोलिनं हवीत. तरी 'अ‍ॅट लास्ट' आर अँड बीच्या (काळ्या श्रोत्यांत चालणाऱ्या गाण्यांच्या) यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि पॉपच्या यादीत ४७व्यावरच अडकलं.

अधूनमधून ती शेजारच्या खोलीत डोकावून यायची. 'अ‍ॅट लास्ट' अल्बममध्येच डिक्सनचं 'आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू' आहे, जे मडीने १९५४ साली गायलं होतं. त्याच सुमारास गायक हार्वी फुक्वाबरोबर तिने 'स्पूनफुल' गायलं. पण चेसमधला खरा कडक ब्लूज पुरुषांकडेच राहिला. 'ब्लूज टू द बोन' म्हणजे तिने ४४ वर्षांनी त्या खोलीत जाऊन मधोमध खुर्ची टाकून बसणं आहे. माझं म्हणणं असं, की या गाण्यांवर तिचा हक्क पहिल्यापासून होता आणि तो तिने आवाज पार खाली उतरल्यावर बजावला, हीच या अल्बमची ताकद आहे.

तिच्यासोबत वाजवणारी माणसंही बघा. ड्रमवर मुलगा डाँटो, बासवर दुसरा मुलगा समेटो. गिटारवर जॉश स्क्लेअर, तिच्या बँडचा जुना जोडीदार. निर्मातेही हे चौघंच: आई, दोन मुलं आणि स्क्लेअर. एके काळी तिच्यासाठी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. इथे गाणी, ताल, पट्टी सगळं घरात ठरलेलं आहे.

आणि तिचं गाणं! 'क्रॉलिंग किंग स्नेक' ऐका. हूकरने १९४९ साली हे एकट्याच्या गिटारवर, पायाने ठेका धरत गायलं होतं. वारुळाचा राजा मी आहे, अशी पुरुषी गुर्मी त्यात आहे. एटा ती गुर्मी तशीच उचलते आणि अजिबात घाई करत नाही. ओळ ठेक्याच्या मागे रेंगाळते, शेवटचा शब्द ती अर्धा बोलून सोडते. विशीत तिने हे गायलं असतं तर जोर लावला असता. इथे तिला जोर लावायची गरजच उरलेली नाही.

अल्बमला २००५ साली पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी तिच्याच 'लेट्स रोल' या अल्बमला समकालीन ब्लूजचं मिळालं होतं. तरी आपल्याकडे यावर कुणी बोलताना दिसत नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांनी लिहा, नसेल ऐकला तर ऐकून लिहा.

वडगावकर

वाचनखूण साठवली. मी त्या 'गाडी थांबते' मंडळींपैकीच. २००९ साली ओबामांच्या शपथविधीच्या नृत्यसमारंभात बियॉन्सेने 'अ‍ॅट लास्ट' गायलं, तेव्हा मूळ गायिका शोधली आणि तिथेच थांबलो. एक प्रश्न. ब्लूज ऐकताना मला सगळी गाणी एकसारखी वाटतात. कान कुठे लावायचा ते कुणी सांगेल का?

सहावी_तार

वडगावकर, मी गिटार वाजवतो, आपल्या भाषेत सांगून बघतो.

बहुतेक ब्लूज बारा मात्रागटांच्या आवर्तनात फिरतो. एका गटात चार ठोके. पहिले चार गट षड्जाचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. पाचवा-सहावा मध्यमाचा. सातवा-आठवा परत षड्ज. नववा पंचम, दहावा मध्यम, अकरा-बारा पुन्हा षड्ज, आणि शेवटी नव्या आवर्तनाकडे वळवणारी छोटी जागा. शब्दही तसेच बसतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. दुसऱ्यांदा म्हणताना कॉर्ड बदललेला असतो, म्हणून त्याच शब्दांना वेगळा रंग चढतो. ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन उत्तर देतो. सवाल-जवाबच आहे तो.

सांगाडा एकच असतो, म्हणून 'सगळं सारखं' वाटतं. कान द्यायचा तो गायक गांधाराचं काय करतो तिकडे. ब्लूजचा गांधार ना पूर्ण कोमल ना शुद्ध, दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि तो खालून वर खेचत आणायचा असतो. पियानोवर तो स्वर नाहीच. गिटारवर तार ओढून मिळतो, गळ्यात उपजत असावा लागतो. एटाच्या 'द स्काय इज क्रायिंग'मध्ये हा गांधार शोधा. सापडला की मग सगळी गाणी वेगळी वाटायला लागतील, खात्री देतो.

आणि सगळेच ब्लूज बारा गटांचे नसतात. 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'मध्ये कॉर्ड बदलतच नाही, अख्खं गाणं एका जागी उभं आहे. वुल्फच्या १९५६ च्या मुद्रणात ह्यूबर्ट समलिन एकच सुरावट फिरवत राहतो आणि वुल्फ तिच्यावर हंबरतो.

कोकणकडा

धागा चांगला आहे, मेहनत दिसते. पण मी विरोधी पक्षात.

मूळ मुद्रणं एकदा शेजारी ठेवून ऐका. तारवाल्या भाऊंनी वुल्फचं सांगितलंच. एल्मोर जेम्सचं १९५१ चं 'डस्ट माय ब्रूम' घ्या. ती पहिली स्लाइड गिटारची (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) तिय्या अंगावर येते. त्या मुद्रणांत खोलीची हवा ऐकू येते, मायक्रोफोन गुदमरल्याचं ऐकू येतं, माणसं एकमेकांच्या अंगावर वाजवत असतात. २००४ चा अल्बम फार धुऊनपुसून ठेवल्यासारखा आहे. ड्रम एका जागी, बास एका जागी, प्रत्येक वाद्य आपापल्या चौकटीत. ब्लूजला एवढी स्वच्छता मानवत नाही.

एटाचा ब्लूजच ऐकायचा तर 'एटा जेम्स रॉक्स द हाउस' ऐका. सप्टेंबर १९६३, नॅशव्हिलचा न्यू एरा क्लब, समोर चेकाळलेले लोक. जिमी रीडचं 'बेबी व्हॉट यू वाँट मी टू डू' गाताना ती माउथ ऑर्गनचा तुकडा चक्क गळ्याने वाजवते. लोक ओरडतात ते त्यातच मुद्रित झालंय. तेव्हा ती २५ वर्षांची होती. त्यानंतर ब्लूजमध्ये तिला काही सिद्ध करायचं राहिलंच नव्हतं.

मंद्रसप्तक

कोकणकडासाहेब, 'रॉक्स द हाउस'बद्दल शब्दाशब्दाला सहमत. मीही तो जीव टाकून ऐकतो. पण तिथे ती खोली पेटवायला आली आहे. प्रत्येक गाणं टोकाला न्यायचं, लोकांना उठवायचं. २००४ मध्ये ती कुणाला उठवत नाही. मधल्या काळात हेरॉइनचं व्यसन, कोर्टकचेऱ्या, १९७४ पासूनचे उपचार, मग पुन्हा उभं राहणं, असं सगळं घडून गेलंय. 'द स्काय इज क्रायिंग'मधली ओळ २५ वर्षांच्या मुलीला गाता येते, पण ऐकणाऱ्याला ती तितकी खरी वाटत नाही.

स्वच्छतेबद्दल अंशतः मान्य, ड्रम जरा पुढे आहेत. पण त्या स्वच्छ मुद्रणामुळेच तिचा श्वास, शब्दाच्या शेवटची खरखर, ओठ मिटल्याचा आवाज कानाशी येतो. १९५६ च्या तंत्रात हे तपशील गेले असते.

गानवेडी

मी गाणं शिकवते, म्हणून आवाजाच्या मुद्द्यावर लिहिते.

बायकांचा आवाज पन्नाशीनंतर खाली येतो. संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू जाड होतात. काळी पाचवर गाणाऱ्या कितीतरी जणी पुढे काळी तीनवर, पांढरी चारवर येतात, आणि पुष्कळ जणी याच टप्प्यावर गाणं सोडतात, कारण वरचा सा पूर्वीसारखा लागत नाही. शिकवणाऱ्याचं काम इथे खालचं सप्तक मोठं करून देण्याचं असतं. एटाने ते स्वतःच करून घेतलेलं दिसतं. १९६० च्या आवाजात वर जाताना जी धार आहे तिच्या मोहात ती पडत नाही. मंद्रात राहते, तिथेच फुगवते, तिथेच सोडते. माझ्या साठीच्या विद्यार्थिनींना मी हा अल्बम ऐकवणार आहे.

तिच्या तालमीबद्दल जे वाचलंय ते मात्र अंगावर काटा आणणारं आहे. पाचव्या वर्षापासून लॉस एंजेलिसच्या सेंट पॉल बॅप्टिस्ट चर्चमध्ये जेम्स अर्ल हाइन्स तिला शिकवायचे. आवाज पोटातून यावा म्हणून गाताना छातीत बुक्के मारायचे. घरी पालकपिता रात्री-अपरात्री झोपेतून उठवून पत्ते खेळणाऱ्या मित्रांसमोर गायला लावायचा, नाही म्हटलं की मारायचा. कुणी 'गा' म्हणून फर्मान सोडलं की तिला आयुष्यभर ते जड जायचं, ते यामुळे. आवाज कमावला गेला म्हणून या मारहाणीचं कौतुक होतं तेव्हा मला राग येतो. तो आवाज तिच्याकडे होताच. म्हणून या अल्बमवर निर्माती म्हणून तिचं स्वतःचं नाव आहे, याला मी फार किंमत देते.

वडगावकर

गानवेडीताई, हे काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद. आता वेगळ्या कानाने ऐकतो.

जुनी_तबकडी

मंद्रसप्तक यांच्या 'हक्क' या मुद्द्याला आणखी मागे नेतो.

ब्लूजचं तबकडीवरचं आयुष्यच बाईने सुरू केलं. ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कला ओके कंपनीसाठी मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' गायलं. ते तुफान खपलं, आणि काळा माणूस तबकड्या विकत घेतो हे कंपन्यांना कळलं. मग मा रेनी, बेसी स्मिथ. विसाच्या दशकातला ब्लूज म्हणजे प्रामुख्याने या बायका. ब्लूजचा नावाजलेला गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन, त्याने पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर गिटार धरली ती १९३६ साली. पुढे विजेची गिटार आली, शिकागोचे बार आले, आणि ब्लूज म्हणजे हातात गिटार घेतलेला पुरुष हे चित्र पक्कं झालं. बेसी सप्टेंबर १९३७ मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात गेली. एटाचा जन्म जानेवारी १९३८ चा.

दुसरी गंमत थेट या अल्बममधली. पहिलंच गाणं 'गॉट माय मोजो वर्किंग'. मोजो म्हणजे जादूटोण्याची मंतरलेली पुरचुंडी. जगाला हे गाणं मडी वॉटर्सचं म्हणून ठाऊक आहे. पण लिहिलं प्रेस्टन फॉस्टरने आणि सर्वांत आधी गायलं अ‍ॅन कोल या गायिकेने. ती मडीच्या बँडबरोबर दौऱ्यावर असताना मडीने ते ऐकलं, शब्द इकडेतिकडे करून स्वतः मुद्रित केलं. दोघांच्या तबकड्या १९५७ साली बाजारात आल्या. मालकीवरून वाद झाला, तो फॉस्टरच्या बाजूने मिटला. पण कीर्ती मडीची झाली ती झालीच. एटाने अल्बमची सुरुवात नेमकी याच गाण्याने केली आहे.

'लिटल रेड रूस्टर'चंही तेच. गाणं डिक्सनच्या नावावर, १९६१ साली वुल्फने गायलं, १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेलं. पण हरवलेल्या कोंबड्याला घरी हाकलून द्या असं विनवणारं गाणं मेम्फिस मिनीने १९३६ सालीच तबकडीवर गायलंय. बाईच्या तोंडी त्या कोंबड्याचा अर्थ किती थेट होतो ते एटाच्या आवाजात ऐका.

मंद्रसप्तक

जुनी_तबकडी, हे इतकं मोलाचं आहे की वेगळा धागा व्हायला हवा. अ‍ॅन कोलची तबकडी मी या धाग्यासाठी मुद्दाम परत लावली. तिच्या आवाजात चर्चचा पाया स्पष्ट ऐकू येतो, आणि एटाचाही पाया चर्चचाच. मडीच्या आवाजात ते नाही, तो सरळ मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून आलेला.

बँडप्रमुख जॉनी ओटिसचं नावही इथे घ्यायला हवं. 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटन या गायिकेने गायलं ते ओटिसच्या बँडबरोबर. जेमसेटा हॉकिन्स या मुलीच्या नावाची फिरवाफिरव करून 'एटा जेम्स' केलं तेही ओटिसनेच. तिच्या १९५५ च्या 'द वॉलफ्लावर' या गाण्यामागे तोच होता. गंमत अशी की दोघं २०१२ च्या जानेवारीत तीन दिवसांच्या अंतराने गेली. ओटिस १७ तारखेला, एटा २० ला.

शिकागोतली_शुभा

उशिरा आले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूची चेसची इमारत बघून आले आहे. दोन मजली, अरुंद, शेजारून गेलात तर लक्षातही येणार नाही. मुद्रणाची खोली वरच्या मजल्यावर. अवजड अ‍ॅम्प्लिफायर त्या जिन्याने वर नेताना लोकांची काय दमछाक होत असेल असं वाटतं. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स इथे मुद्रणाला आले आणि एका वाद्यगीताला त्यांनी या पत्त्याचंच नाव दिलं.

आज तिथे विली डिक्सन यांनी स्थापन केलेल्या ब्लूज हेवन फाउंडेशनचं काम चालतं. त्यांच्या पश्चात पत्नी मेरी यांनी ही इमारत विकत घेतली. डिक्सन यांना स्वतःच्या गाण्यांच्या मानधनासाठी कोर्टात जावं लागलं होतं. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडबरोबरचा त्यांचा एक वाद १९८७ साली तडजोडीने मिटला. जुन्या कलाकारांना त्यांचे पैसे मिळवून द्यायला मदत करणं हे संस्थेचं एक काम आहे. म्हणून मला वाटतं, एटाच्या अल्बमवर 'लिटल रेड रूस्टर' आणि 'यू शुक मी' आहेत, याचा अर्थ डिक्सन यांच्या घरी दोन पैसे गेले असणार. अशा अल्बमचा हाही उपयोग आहे.

सहावी_तार

शुभाताई, पत्ता वाचूनच अंगावर रोमांच आले.

'यू शुक मी'चा किस्सा सांगतो. अर्ल हूकरने 'ब्लू गिटार' नावाचा नुसता वाद्याचा तुकडा वाजवला होता. स्लाइडवर असा हात क्वचित ऐकायला मिळतो. नंतर त्याच मुद्रणावर मडीकडून शब्द गाऊन घेतले आणि १९६२ मध्ये 'यू शुक मी' म्हणून बाजारात आणलं. म्हणजे तिथे गिटार आधी आणि गळा नंतर, मडी त्या सुरावटीच्या मागोमाग जातो. एटाच्या आवृत्तीत हे नातं उलटं झालंय. गळा पुढे आणि गिटार त्याच्या मागे. वाजवणारा म्हणून मला ही आवृत्ती शिकण्यासारखी वाटते, कारण गिटारवाला कुठे गप्प बसतो ते ऐकण्यासारखं आहे.

वांद्रे_पश्चिम

२०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, त्याला मी होतो. बडी गाय आले होते, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. एक ओळ इतकी हळू वाजवली की अख्खा हॉल पुढे झुकला. मडीच्या मुद्रणांत साथ केलेला माणूस. त्या पिढीला आवाज खाली आणून माणसं धरून ठेवता येतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मंद्रसप्तक यांचा मुद्दा मला पटतो. एटाला प्रत्यक्ष ऐकायचं राहून गेलं याची हळहळ आहे.

वडगावकर

अल्बम ऐकला. आधी सगळा सलग, मग तारवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे 'द स्काय इज क्रायिंग' गांधारावर कान ठेवून. दुसऱ्या ओळीत सापडला! कॉर्ड बदलल्यावर तोच स्वर जरा जास्त दुखरा लागतो. जिमी रॉजर्सचं 'दॅट्स ऑल राइट' फार आवडलं. 'जा, हरकत नाही' असं म्हणते, पण तिची हरकत आहे हे शब्दाशब्दात कळतं. मूळ १९५० चं मुद्रणही ऐकलं. रॉजर्स हळवा वाटला. एटा हळवी नाही, ती हिशोब मांडून बसली आहे.

कोकणकडा

मीही पुन्हा ऐकला, या वेळी हेडफोनवर. ड्रमबद्दलचं मत बदललेलं नाही. 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'ला वुल्फच हवा, तिथे तडजोड नाही. पण 'हश हश'ला दाद द्यायलाच हवी. जिमी रीडची आळसावलेली चाल तिने बरोबर पकडली आहे आणि समेटोचा बास तिच्यासोबत सुस्तावत चालतो. आई गाते आहे आणि मुलगा तिची चाल ओळखून पावलं टाकतो आहे, हे भाड्याच्या वादकाकडून होणार नाही. 'रॉक्स द हाउस' आणि हा अल्बम, दोन्ही घरात हवेत.

मंद्रसप्तक

कोकणकडासाहेब, 'हश हश' तुम्ही बरोबर हेरलंत, मूळ लेखात त्याचं नाव घ्यायला हवं होतं असं आता वाटतंय. ज्यांना एका बैठकीत ऐकायचंय त्यांनी असा क्रम लावून बघा: अ‍ॅन कोलचा 'मोजो', न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवातला १९६० चा मडीचा 'मोजो', मग एटाचा. त्यानंतर हूकरचं 'किंग स्नेक' आणि एटाचं. अर्ध्या तासाच्या आत होतं.

मधला एक मोठा तुकडा या धाग्यात आलाच नाही. १९६७ मध्ये चेसने तिला अलाबामात, मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत निर्माता रिक हॉलकडे पाठवलं. तिथून 'टेल मामा' आलं आणि त्याच तबकडीच्या मागल्या बाजूला 'आय'ड रादर गो ब्लाइंड'. त्यावर पुढच्या आठवड्यात लिहितो. जुनी_तबकडी, मेमी स्मिथचा धागा तेवढा तुम्ही मनावर घ्या.